मामांचं कोपर

घाई करणारा माणूस दिसला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि माझं पोट तर अशाच माणसांवर चालतं. दुबईच्या सिलिकॉन ओएसिस भागातल्या एका टॉवरच्या तळमजल्यावर जिम आहे, तिथे मी ट्रेनर आहे. वरच्या मजल्यांवरचे ऑफिसवाले संध्याकाळी खाली येतात आणि सगळ्यांना सगळं आठ आठवड्यांत पाहिजे असतं. परवा पुण्याकडचे एक साहेब म्हणाले, "कॉलेजच्या ग्रुपचं रीयुनियन आहे, तोपर्यंत जरा साईज आली पाहिजे. वजन वाढवू या ना पटापट." मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही फार स्लो घेता." मी त्यांच्या हातातला बार काढून रॅकवर ठेवला आणि म्हणालो, "साहेब, पटापट पाहिजे तर दुसरा ट्रेनर बघा. उद्या विचारलंत तरी मी तेच सांगणार." त्यांची मुलगी बाजूच्या सायकलवर बसली होती. ती म्हणाली, "रिलॅक्स, कोच." मी पाणी प्यायला निघून गेलो.

नंतर माफी मागितली. नोकरी आहे, मागावी लागते. पण मी बोललो ते खोटं नव्हतं. वजन उचलायची कला फार साधी आहे हो. खुब्यातून वाका, पाठीचा कणा लाकडी दांड्यासारखा सरळ ठेवा, वजन अंगाला चिकटून राहू द्या, श्वास भरून पोट घट्ट करा आणि मग उचला. खाली आणताना तीन मोजा, धप्पकन सोडू नका. अजून दोनदा उचलता आलं असतं असं वाटेल तिथे थांबा. पुढच्या आठवड्यात थोडंसंच वाढवा, आणि मधे नीट जेवा, नीट झोपा, कारण स्नायू वाढतो तो झोपेत. मुख्य म्हणजे स्नायू लवकर तयार होतो, पण त्याला हाडाशी बांधणारे दोर फार सावकाश तयार होतात. माणूस आरशात बघतो, दंड भरलेला दिसतो, त्याला वाटतं झालं. आतला दोर अजून जुनाच असतो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा तर फारच जुना.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून तर लिहितोय. माहीत नसतं तर मी आज सुखात झोपलो असतो.

मी इथे ट्रेनर म्हणूनच आलो, असं मला वाटत होतं. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मी चार वर्षं जिममध्ये शिकवत होतो. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं, लॅमिनेट केलेलं. एजंट म्हणाला होता, "दुबईत ट्रेनरला मरणाची डिमांड आहे." विमानतळावरून आमची गाडी शारजातल्या एका इमारतीसमोर थांबली, आठ जणांच्या खोलीत मला वरचा पलंग मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कंपनीच्या बसने दुबईतल्या रास अल खोरला नेऊन एका गोदामासमोर उभं केलं. व्हिसावर लिहिलं होतं, लोडर. मी सर्टिफिकेट काढून दाखवलं. फोरमनने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "अच्छा है. ये भी वजन उठाना ही है." सगळे हसले. मला रडू येत होतं, पण मीही हसलो.

गोदाम साखर, तांदूळ, डाळी असल्या मालाचं होतं. साखरेची पोती पन्नास किलोची. कंटेनर आला की आत शिरायचं, रचलेली पोती उतरवून बाहेर लाकडी पाटावर चढवायची, मग फोर्कलिफ्ट पाट उचलून नेणार. उन्हाळ्यात त्या लोखंडी कंटेनरच्या आत श्वास घेतला तर नाक पोळायचं. तिथे एक जुनी रीत होती. पोतं एकट्याने उचलायचं नाही. जोडी असायची. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, एकाने हलक्या आवाजात "यल्ला", म्हणजे चल, म्हणायचं आणि एका झोक्यात पोतं पाटावर. ही रीत कुठल्या कागदावर नव्हती. आधीच्या लोकांनी लावलेली होती आणि कोणी मोडत नव्हतं.

माझी जोडी लागली मामांशी. मामा कोणाचेच सख्खे मामा नव्हते, पण मल्याळी, नेपाळी, बिहारी सगळे त्यांना मामाच म्हणायचे. रत्नागिरीकडचे. वय चोपन्न, अंगाने काटकुळे, सगळं मिळून वजन भरलं असतं अठ्ठावन्न किलो. बावीस वर्षं आखातात काढलेली. मला पहिल्या दिवशी म्हणाले, "तू मास्तर ना? मग माझ्या मागे मागे कर, मास्तर." तेव्हापासून मी मास्तर झालो. त्यांचा झोका असा अचूक होता की पोतं हातात आहे असं वाटायचंच नाही. मला पहिल्या महिन्यात जगवलं ते त्या झोक्याने. जेवणाच्या डब्यातला सुका जवळाही अर्धा माझ्या भातावर यायचा. "खा मेल्या, सांगलीत काय मिळतो?"

पण त्यांची उचलायची पद्धत बघून मला राहवायचं नाही. गुडघे ताठ, पाठ कमानीसारखी वाकलेली, आणि वर पोतं टाकताना कमरेतून पिळा. मी सांगायचो, "मामा, पाठ मोडेल." ते म्हणायचे, "तुझ्या जन्माच्या आधीपासून उचलतोय रे." दोनेक वर्षांत माझ्या लक्षात आलं की पोत्याचा जास्त भार आता माझ्याकडे येतोय. मामांचं टोक जरा उशिरा उठायचं. मला कळलं, त्यांनाही कळलं. जोडी म्हणजे हेच असतं, आज तुझं उद्या माझं.

संध्याकाळी मी माझा व्यायाम सोडला नव्हता. इमारतीच्या गच्चीवर वाळू भरलेली पोती, पाण्याचे वीस लिटरचे जार, पेंटचे डबे, यांच्यावर मी बॉडी केली. खोलीतले लोक चेष्टा करायचे, दिवसभर वजन उचलून हा गाढव पुन्हा वजनच उचलतो. त्यांना कसं सांगणार, गोदामात मी लोडर होतो आणि गच्चीवर ट्रेनर. तो एक तास नसता तर मी वेडा झालो असतो.

आणि मग मी तो शहाणपणा केला. एका सकाळी कंपनीचे मॅनेजर गोदाम बघायला आले होते. फोरमनला त्यांच्यापुढे काहीतरी दाखवायचं होतं. तो म्हणाला, "ये हमारा जिमवाला है. दिखा हबीबी, अकेला उठा के दिखा." मी नाही म्हणू शकलो असतो. हात दुखतोय म्हणू शकलो असतो. पण तीन वर्षं झाली होती आणि एकाही माणसाने मला मी काय आहे ते विचारलं नव्हतं. मी पुढे झालो. पाय रोवले, खुब्यातून वाकलो, श्वास भरला आणि पन्नास किलोचं पोतं छातीशी घेऊन पाटावर अलगद ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. दहा पोती टाकली, एकही धप्प आवाज नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने मोबाईलवर शूटिंग केलं. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता. मामा. ते हात पुसत जवळ आले आणि म्हणाले, "झालं समाधान?" मला तेव्हा त्यांचा राग आला. वाटलं, म्हातारा जळतो.

आठवड्याने नोटीस लागली. जोडी बंद. एक माणूस, एक पोतं. निम्म्या माणसांत काम होतंय हे मॅनेजरने स्वतःच्या मोबाईलमध्ये नेलं होतं ना! शिवाय ज्याचा व्हिसा रिन्यू व्हायचा त्याची आधी चाचणी होणार. जमिनीवरून पाटावर, एकट्याने, सलग वीस पोती. जमलं तर सही, नाहीतर खलास, घरी. मामांचा व्हिसा संपायला सात आठवडे होते.

मामांना अजून दीड वर्ष हवं होतं. जास्त नाही, दीड वर्ष. त्यांची धाकटी मुलगी रत्नागिरीला नर्सिंग करत होती आणि तिची तीन सेमिस्टर राहिली होती. बाकी दोघींची लग्नं झाली होती. ही एकटी शिकली होती आणि मामा तिच्याबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. "ती मला इंजेक्शन देणार आणि मी ओरडणार पण नाही," असं सांगून स्वतःच हसायचे. तिचं शिक्षण पूर्ण झालं की ते त्याच दिवशी बॅग भरणार होते.

खोलीतली माणसं मला पाण्यात पाहायला लागली. आमच्या टोळीचा बिहारी मुकादम तोंडावर म्हणाला, "तू बॉडी बनाया, हम लोग का कमर तोड़ दिया." एकाने माझा चहा करणं बंद केलं. मी ऐकून घेतलं, दुसरं काय करणार. मामा मात्र दोन दिवसांनी बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसले. शारजाचा नेहमीचा जाम होता, बस हलत नव्हती. बाहेर बघत म्हणाले, "मास्तर, मला शिकव."

मी काय बोलायला हवं होतं ते मला त्या क्षणीही माहीत होतं. मामा, तुमच्या वयाला, तुमच्या अंगाला पन्नास किलो वीस वेळा एकट्याने उचलायला वर्ष लागेल, सात आठवड्यांत होणार नाही. हे म्हणायचं आणि मग फोरमनकडे जायचं. सांगायचं की मी दहा पोती दाखवली ती रोजची नाहीत, दिवसभर असं कोणी करू शकत नाही. चार लोकांना घेऊन मॅनेजरकडे जायचं. माझं ऐकलं असतं की नाही, देव जाणे. पण मी गेलोच नाही. भीती होती हे एक. आणि दुसरं कारण सांगायला मला आजही लाज वाटते. मला आनंद झाला होता. तीन वर्षांनी कोणीतरी मला म्हणालं होतं, शिकव. आखातातला माझा पहिला क्लायंट मला मिळाला होता.

मी म्हणालो, "इन्शाल्ला होईल मामा. मी सांगतो तसं करा फक्त."

पहिले दोन आठवडे मी अगदी रीतीने शिकवलं. गच्चीवर मामांच्या पाठीला झाडूचा दांडा लावायचो. दांडा डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला, तिन्ही ठिकाणी टेकलेला राहिला पाहिजे आणि तसंच वाकायचं. बावीस वर्षं पाठीतून वाकलेल्या माणसाला खुबा कुठे असतो हेच ठाऊक नव्हतं. "अरे पण बूड मागे काढून उभं राहायला लाज वाटते," म्हणायचे. गच्चीवर कपडे वाळत घालणारे नेपाळी हसायचे, मग मामाही हसायचे. पण माणूस हट्टी. चौथ्या दिवशी दांडा सुटला नाही. मग पाण्याचा जार, मग अर्धं भरलेलं वाळूचं पोतं. श्वास, पोट, पाय, मनगट. उतरवताना तीन मोजायचे ते मोठ्याने मोजायचे, शाळेतल्या पोरासारखे.

खाण्यावरून आमची भांडणं व्हायची. मी रोज चार अंडी उकडायचो. मामा म्हणायचे, सोमवारी अंडं नाही, गुरुवारी नाही, शनिवारी नाही. मी म्हणायचो, "मग स्नायूंना सांगू का, फक्त मंगळवारी वाढा?" शेवटी सोमवारी डाळ आणि दही डबल, यावर तडजोड झाली. तिसऱ्या आठवड्यात मामांनी आंघोळीनंतर बनियन घालायच्या आधी दंड वाकवून बघितला. मी दारातून बघितलं. चोपन्न वर्षांचा माणूस, ओल्या केसांनी, स्वतःच्या दंडाकडे बघून गालात हसत होता. मला म्हणाले, "अरे, हे कुठे होतं इतकी वर्षं?"

तिथे मी थांबायला पाहिजे होतं. म्हणजे तिथून सावकाश जायला पाहिजे होतं. तीस किलोवर अजून दोन महिने, मग पस्तीस. पण भिंतीवर कॅलेंडर होतं. चार आठवडे राहिले होते आणि पन्नास किलो लांब होतं. मी एका रविवारी वाळू भरत गेलो. तीसची चाळीस केली. पुढच्या रविवारी पंचेचाळीस. मधली विश्रांतीची एक संध्याकाळ मी काढून टाकली. माझ्या तालुक्यातल्या जिममध्ये एखाद्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला कानाखाली दिली असती.

आणि मामा उचलत होते! यानेच घात केला. पाठ सरळ, पोतं छातीला, उजवा हात खालून, डावा मधून. इतकं सुंदर की मला माझ्या शिकवण्याचा गर्व व्हायचा. जो बघायचा तो म्हणायचा, मामा तर पहिलवान झाले. खोलीतल्या लोकांनी माझ्याशी पुन्हा बोलायला सुरुवात केली.

चाचणीच्या दहा दिवस आधी मामा म्हणाले, "मास्तर, उजव्या कोपराच्या आत, इथे, घडीत दुखतंय. दंडात नाही, एकाच जागी. किल्ली फिरवताना पण चमक येते."

हे मी हजार वेळा शिकवलेलं आहे. व्यायामाचं दुखणं बोथट असतं, दोन्ही बाजूंना असतं, दोन-तीन दिवसांत जातं. एका बाजूला, सांध्याजवळ, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी टोचणारं दुखणं वेगळं. ते आलं की वजन खाली ठेवायचं, खलास, चर्चा नाही. मामांनी नेमकं बोट ठेवून दाखवलं होतं. मी त्या जागी अंगठ्याने दाबलं. त्यांनी ओठ आवळले. मी म्हणालो, "वाढीचं दुखणं आहे मामा. नवीन मांस येताना असं होतं." आणि बाम चोळून दिला.

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, "वाढीचंच ना रे?" मी म्हणालो, "वाढीचंच." मग त्यांनी विचारलं नाही. रोज रात्रीच्या जेवणाआधी स्वतःच बाम लावायचे.

चाचणी सकाळी सात वाजता होती. फोरमन खुर्ची टाकून बसला. वीस पोती ओळीने मांडली होती. आमच्या खोलीतल्या एकाने मामांच्या घरी पाठवायला म्हणून मोबाईलवर शूटिंग सुरू केलं. मामांनी पहिल्या पोत्याला हात लावून हात कपाळाला लावला आणि सुरुवात केली. मी मनात मोजत होतो. पाच. सहा. एकही चूक नाही. आठ. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, पण पाठ सरळ. दहा झाली तेव्हा मुकादमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अकरा.

बारावं पोतं छातीपर्यंत आलं आणि आवाज झाला. मोठा नाही. ओली फांदी मोडावी तेवढाच. पोतं पायापाशी पडलं आणि मामा उजवा हात डाव्या हाताने धरून उभे राहिले. ओरडले नाहीत. त्यांच्या दंडातला गोळा कोपराकडून सुटून वर खांद्याकडे सरकला होता आणि तिथे टरारून उभा होता. कोपराजवळ खड्डा. फोरमनला लांबून वाटलं की ते दंड फुगवून दाखवतायत. तो हसून म्हणाला, "वा मामा, बॉडी बाद में दिखाना, पहले बोरी उठा." दोघं-तिघं हसलेही. मला माहीत होतं ते काय आहे.

संध्याकाळपर्यंत कोपराची आतली बाजू काळीनिळी झाली. डॉक्टर म्हणाले, दंडाच्या स्नायूचा दोर हाडावरून पूर्ण तुटलाय, ऑपरेशन लवकर व्हायला हवं, उशीर झाला की दोर आखडून जातो. कंपनीने मंजुरीचे कागद पुढे ढकलले, कागद परत आले, पुन्हा गेले. व्हिसा संपला. मग त्यांनी सरळ तिकीट हातात दिलं.

जायच्या दिवशी दुपारी मी सुट्टी घेऊन खोलीत थांबलो. मामा डाव्या हाताने बॅग भरत होते. मी मदत करायला गेलो तर म्हणाले, "राहू दे, सवय करायला हवी." मग पलंगावर बसले आणि म्हणाले, "ते शूटिंग तुझ्याकडेही आलंय ना? लाव जरा."

मला लावायचं नव्हतं. त्यांनी दोनदा सांगितलं म्हणून लावलं. आम्ही दोघं पलंगावर खांद्याला खांदा लावून ते छोट्या स्क्रीनवर बघत बसलो. मामा प्रत्येक पोतं बघत होते. "पाठ बरोबर आहे ना? पाय?" मी हो म्हणत होतो. बाराव्याला त्यांनी थांबवायला लावलं. मागे घे, पुन्हा लाव. मागे घे, पुन्हा लाव. पाच-सहा वेळा बघितलं. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हे बघ. इथे. कोपर बाहेर गेलं माझं. तू हजारदा सांगितलं होतंस, कोपर आत ठेवा. सापडलं बघ. माझंच चुकलं."

कोपर कुठेही गेलं नव्हतं. बाराव्या पोत्याला त्यांचं कोपर जिथे हवं तिथेच होतं. त्या अख्ख्या शूटिंगमध्ये मामांची एकही चूक नव्हती. चूक त्याच्या आधीच्या चार रविवारी झाली होती, वाळू भरताना, आणि ती माझी होती.

ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "गेलं ना रे?"

मी म्हणालो, "हो मामा. थोडंसं गेलं."

त्यांनी सुस्कारा सोडला. मला तेव्हा असं वाटलं की कारण सापडलं म्हणून त्यांना बरं वाटलं. मी स्वतःला तेच सांगत आलोय. पण त्यांना बरं वाटावं म्हणून मी हो म्हटलं नव्हतं. मी सुटावं म्हणून म्हटलं होतं.

गावी गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झालाय, आता असंच राहू द्या. मामांना हात वाकवता येतो, पण जोर नाही. नळ आवळता येत नाही, नारळ सोलता येत नाही. मुलीने पुढचं सेमिस्टर भरलंच नाही. ती आता रत्नागिरीत एका कपड्याच्या दुकानात काम करते. वर्षभराने मला ही जिमची नोकरी मिळाली तेव्हा मी मामांना फोन केला. ते इतके खूश झाले की शेजारच्यांना बोलावून सांगायला लागले, आमचे मास्तर दुबईत मोठ्या जिममध्ये लागले. मी फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन बसलो.

मागच्या महिन्यात दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. मी जिममध्ये वजनाची प्लेट पुसत होतो. ती म्हणाली, "दादा, एकच विचारायचं होतं. मी माझी जुनी पुस्तकं आवरत होते, त्यात हे वाचलं. हा दोर एकदम तुटत नाही म्हणे, आधी बरेच दिवस कोपराच्या घडीत दुखतं. बाबा म्हणतात कोपर बाहेर गेलं म्हणून तुटलं. पण मला ते पटत नाही. आधी दुखत होतं का त्यांना? तुम्हाला काही बोलले होते का?"

ती आरोप करत नव्हती. ज्या विषयाचं शिक्षण अर्धवट सुटलं, त्यातली एक गोष्ट तिला समजून घ्यायची होती. मी प्लेट खाली ठेवली. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी म्हणालो, "नाही गं. मला काही बोलले नाहीत."

ती म्हणाली, "बरं. मग त्यांचंच काहीतरी चुकलं असेल." आणि फोन कानाला तसाच ठेवून तिने आत हाक मारली, "बाबा, दादा पण तेच म्हणतायत."

मागून मामांचा आवाज आला, अगदी खणखणीत. "मग मी काय सांगत होतो तुला! मास्तरांनी बरोबरच शिकवलं होतं."